शाळा जवळ आहे, हे उत्तर नव्हे

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षण हक्काच्या (आरटीई) नियमांत एक दुरुस्ती केली. एखाद्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेवर गरीब आणि वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचं बंधन उरणार नव्हतं. दक्षिण आणि मध्य मुंबईत अशी शाळा किलोमीटरच्या आत नाही, अशी जागा दाखवणंच अवघड. म्हणजे संसदेने २००९ साली केलेला कायदा पुस्तकात राहणार होता आणि त्यातली ही तरतूद या शहरातून नाहीशी होणार होती.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली. १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती मूळ कायद्याशी आणि घटनेच्या कलम २१-अ शी विसंगत ठरवून रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला.

नियम गेला, पण त्यामागचा विचार शाबूत आहे. पालकसभांत, शिक्षकांच्या खोल्यांत, शिकल्यासवरल्या घरांतल्या गप्पांत तो आजही ऐकू येतो. घराजवळ पालिकेची शाळा आहे, फुकट आहे, वह्या-पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं जेवणही देते. मग गरिबाच्या मुलाने खासगी शाळेचाच हट्ट का धरावा आणि त्याची फी करदात्याने का भरावी? त्याला जोडून आणखी दोन वाक्यं येतात. एक, या मुलांच्या घरात अभ्यासाचं वातावरणच नसतं, शाळा तरी काय करणार. दुसरं, अशी मुलं वर्गात आली की इतरांचा अभ्यास मागे पडतो आणि त्यांचं स्वतःचंही मन खचतं. बोलणारी माणसं दुष्ट नसतात, पुष्कळदा ती कळवळ्यानेच बोलतात. म्हणून या तिन्ही विधानांना सविस्तर उत्तर द्यायला हवं.

दुरुस्ती मंत्रालयात लिहिली गेली. ती तपासायची तर हार्बर मार्गावर रे रोडला उतरलं पाहिजे. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना लागतो. भंगाराचे गाळे, लोखंडी पत्रे आणि साखळ्यांचे ढीग, गॅस कटरच्या ठिणग्या, जुनी जहाजं तोडण्याचं काम, अरुंद रस्त्यात अडकलेले ट्रेलर. बंदराच्या या जमिनीवर कौला बंदरची वस्ती आहे. आधी तामिळनाडूतून आलेली कुटुंबं इथे राहिली, नंतर उत्तरेकडून माणसं आली. जमीन पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, आताच्या बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्र सरकारची. वस्ती ‘घोषित’ नाही, त्यामुळे पालिकेचं पाणी तिथे पोहोचलं नाही. ‘पुकार’ या मुंबईच्या संस्थेने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१२ आणि २०१३ साली या वस्तीवर अभ्यास प्रसिद्ध केले. पालिकेचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये असताना इथली कुटुंबं मोटार लावून पाणी खेचणाऱ्या विक्रेत्यांना त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती. काही ऋतूंत तर ९५ टक्के घरांत माणशी रोज ५० लिटरसुद्धा पाणी मिळत नव्हतं.

शिक्षणाच्या चर्चेत पाण्याचा हिशेब का, असं कुणी विचारेल. ‘जवळ’ या शब्दाला या वस्तीत किती किंमत आहे, ते या हिशेबातून कळतं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलवाहिन्याही कौला बंदरच्या जवळच होत्या. जवळ असणं आणि मिळणं यांच्यामध्ये जमिनीची मालकी, कागदपत्रं, जात, भाषा आणि पैसा असं सगळं उभं असतं. पाण्याचं हे सत्य न्यायालयालाही मान्य करावं लागलं. बेकायदा ठरवलेल्या झोपडीतल्या माणसालाही पाणी नाकारता येत नाही, असं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं.

शाळेचं तेच आहे. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तामिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. ही मोठी गोष्ट आहे आणि देशात फार थोड्या शहरांना ती जमली आहे. पण दारूखान्यात राहणाऱ्या तामिळ किंवा बिहारी मुलाच्या सर्वांत जवळची शाळा त्याच्या भाषेची असेलच असं नाही. शासनाचा एक किलोमीटर ही भाषा मोजत नव्हता. वाटेतला रेल्वेमार्ग आणि ट्रेलर मोजत नव्हता. त्या शाळेत पुरेसे शिक्षक आहेत का, सातवी-आठवीनंतर पुढचे वर्ग आहेत का, हेही मोजत नव्हता. इमारत आहे ना, एवढंच तो विचारत होता.

आता पालकांच्या उदासीनतेचा आरोप. तो तपासायला वेगळं सर्वेक्षण लागत नाही, कारण २०२४ च्या उन्हाळ्यात शासनाच्याच हातून त्याची परीक्षा झाली. नव्या नियमानुसार आधी जी प्रवेशप्रक्रिया सुरू झाली, तिच्या यादीत सुमारे ७६ हजार शाळा आणि पावणेनऊ लाखांवर जागा होत्या. त्यात मुख्यतः सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळा, म्हणजे जिथे कुठलीही सोडत न काढता एरवीही प्रवेश मिळतो. अर्ज आले सत्तर हजारांच्या आसपास. स्थगितीनंतर जुन्या पद्धतीने प्रक्रिया पुन्हा सुरू झाली. यादी नऊ हजारांच्या थोड्या वर शाळांची झाली, जागा एक लाख पाच हजारांवर आल्या आणि अर्ज गेले दोन लाख चाळीस हजारांच्या पुढे. जागा आठपटीहून अधिक घटल्या आणि अर्ज तिपटीहून वाढले.

हे अर्ज करणारे कोण? वंचित गटातले, नाहीतर वर्षाला लाख रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेले आईबाप. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा गोळा करण्यासाठी एकेका दिवसाची मजुरी बुडवणारे. भाड्याने राहणाऱ्याकडून नोंदणी केलेला भाडेकरार मागितला जातो. कौला बंदरच्या पोटमाळ्यावर किंवा फुटपाथवरच्या झोपडीत राहणाऱ्याला असा करार कोण करून देणार? हा प्रश्न जुना आहे. १९८५ साली ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा-माझगाव-रे रोडच्या ई वॉर्डातल्या फुटपाथवासीयांची गणना केली, तेव्हा सुमारे सहा हजार कुटुंबं तिथे सापडली. त्याआधी ती कोणत्याच यादीत नव्हती. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्यांना यादीत येण्यासाठीच एवढी वर्षं लागली, त्यांच्या मुलांचे अर्ज कमी दिसले म्हणून त्यांना उदासीन म्हणणं हा अन्याय आहे.

उदासीनतेच्या आरोपाला दुसरं उत्तर पालिकेनेच दिलं. २०२० मध्ये माहीमच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई आणि जोगेश्वरीच्या पूनमनगरमध्ये सीबीएसई अभ्यासक्रम सुरू झाला. या शाळांत प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. तोच मालक, तेच शहर, त्याच वस्त्यांतले पालक. रिकाम्या बाकांची कारणं पालकांच्या मनात शोधण्याआधी शाळेत शोधावी लागतात, याचा हा पुरावा आहे. मराठी माध्यमाच्या पालिका शाळा दहा वर्षांत शंभरांहून अधिक कमी झाल्या, त्याचा दोषही फक्त मराठी आईबापांवर टाकून मोकळं होता येणार नाही.

घरात वातावरण नसतं, हे मात्र खरं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाचं टेबल नसतं, आईला अक्षरओळख नसते, रात्री शेजारच्या गाळ्यात पत्रा कापला जात असतो. प्रश्न असा की त्यावरून काय निष्कर्ष काढायचा. याच मुंबईत १९९५ मध्ये ‘प्रथम’ ही संस्था झोपडपट्टीतल्या बालवाड्यांपासून सुरू झाली. पुढे तिने बालसखीची योजना आणली. वस्तीतलीच, साधारण दहावी झालेली तरुणी, अगदी तुटपुंज्या मानधनावर पालिका शाळेतल्या तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन शिकवायची, आणि ते मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची. मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची काटेकोर तपासणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, हे अनेकांना माहीत असतं. ते निष्कर्ष मुंबईच्या पालिका शाळांतूनही आले होते, हे कितीजणांना माहीत आहे?

या मुलांचं घर बदललं नव्हतं. आईबाप तेच, खोली तीच. बदललं ते शाळेतलं दोन तासांचं काम. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी ‘डोअरस्टेप स्कूल’ मुंबईत सुरू केलं आणि नंतर बसमध्येच वर्ग भरवला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा मुलापर्यंत गेली पाहिजे, ही त्यामागची भूमिका. ‘शाळा तरी काय करणार’ असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर या शहरातच पडून आहे. ते सरकारी खर्चाने, सर्व शाळांत, वर्षानुवर्षं राबवलं गेलं नाही, ही खरी तक्रार आहे.

तिसरं विधान सर्वांत जिव्हारी लागणारं. गरीब मुलांमुळे वर्ग मागे पडतो. दिल्लीत २००७ पासून अनेक बड्या खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश देणं भाग पडलं. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने तिथल्या श्रीमंत विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब मुलांच्या सोबतीने शिकलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, त्यांच्यात मिसळायला अधिक तयार झाली. गणितात आणि हिंदीत फरक पडला नाही. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली. ती लपवण्याचं कारण नाही. तेवढी घट भरून काढणं ज्या शाळांची फी लाखाच्या घरात आहे त्यांना अशक्य आहे, असं कुणी म्हणणार नाही.

आणि गरीब मुलाचं मन खचतं, ते कशाने? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात बोलून दाखवली नाही तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी सारखीच होती. सर्वांसमोर जात उच्चारल्यावर कनिष्ठ मानलेल्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुलं तीच, कोडी तशीच. ‘आरटीईवाली मुलं’ म्हणून वेगळी रांग लावणाऱ्या, सहलीच्या पैशांसाठी वर्गात नाव पुकारणाऱ्या प्रत्येक शाळेने हा प्रयोग वाचायला हवा. अशी वेगळी वागणूक नियमांनाही मंजूर नाही. २५ टक्क्यांतल्या मुलांना वर्ग, पुस्तकं, ग्रंथालय, खेळ यांत वेगळं काढायचं नाही, असं २०१० च्या केंद्राच्या आदर्श नियमांतच लिहिलेलं आहे.

अपमान होतो म्हणून मुलाला त्या शाळेत पाठवूच नये, हा सल्ला परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या एका मुलालाही देता आला असता. फळ्याकडे गणित सोडवायला निघालेल्या भीमरावाला पाहून फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला वर्गातली मुलं धावली, ही हकिगत सर्वज्ञात आहे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. डॉ. आंबेडकरांनी त्या अनुभवातून अस्पृश्यांची मुलं अशा शाळांपासून दूर ठेवावीत असा धडा घेतला नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडेच मांडले. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांतली अठराच चौथीपर्यंत पोहोचतात. शाळा उघडली की काम संपलं, हा समज तेव्हाही होता आणि त्यांनी तो तेव्हाच खोडून काढला.

वेगळ्या शाळांचा मार्ग महाराष्ट्राने आधीच वापरून टाकून दिलेला आहे. १८५६ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. इतर मुलं शाळा सोडतील, ही सबब पुढे आली. आजच्या तिसऱ्या विधानाशी ती ताडून पाहावी. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितलं की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षण वरच्या वर्गांच्या पदरात पडतं. करदात्याने फी का भरावी असं विचारणाऱ्यांना हे उत्तर एकशे चाळीस वर्षांपासून तयार आहे. दारूखान्यात लोखंड कापणारा मजूरही साबणापासून मोबाइल रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरातली सर्व मुलं एकाच शाळेत, अशी समान शाळापद्धती सुचवली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचेच.

फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधकांना अर्पण केली होती. तिथल्या शाळांचा इतिहासही इथे कामाचा आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा प्रचंड अहवाल आला. घरच्या परिस्थितीपुढे शाळेचं फार चालत नाही, एवढंच त्यातलं एक वाक्य लोकांनी उचललं आणि ते आजही उचलतात. त्याच अहवालाने हेही दाखवलं होतं की गरीब मुलाच्या शिक्षणावर त्याच्या वर्गसोबत्यांचा मोठा परिणाम होतो. म्हणजे मुलं कोणाबरोबर बसतात, हा प्रश्न मध्यवर्ती आहे. नेमकी तीच बाब महाराष्ट्राची दुरुस्ती पुसून टाकत होती.

रे रोड ज्यांच्या नावाने आहे ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. मायदेशी परतल्यावर १८९७ ते १९०४ ते लंडन स्कूल बोर्डाचे अध्यक्ष झाले. १८७० च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या त्या मंडळाने लंडनच्या दरिद्री मोहल्ल्यांत उंच, हवेशीर शाळा बांधल्या होत्या, आणि त्याच काळात तिथलं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये भारतासाठी याहून कितीतरी मवाळ विधेयक मांडलं, तेव्हा ते पुढच्या वर्षी फेटाळण्यात आलं. लंडनच्या गोदी कामगाराच्या मुलाला जे मिळालं ते मुंबईच्या गोदी कामगाराच्या मुलाला नाकारलं, आणि त्या वेळीही नकार देणाऱ्यांत खर्चाची काळजी करणारे आणि लोकांची तयारी नाही म्हणणारे होते.

खासगी शाळांची एक तक्रार मात्र रास्त आहे. २५ टक्के मुलांच्या फीची प्रतिपूर्ती शासन वर्षानुवर्षं थकवतं. लहान शाळांचं त्याने खरंच कंबरडं मोडतं. पण देणेकरी शासन आहे. आपली थकबाकी टाळण्यासाठी मुलांचा हक्कच रद्द करणं हा कोणता न्याय? कर्नाटकाने २०१९ मध्ये असाच नियम आणला आणि तिथे खासगी शाळांतल्या राखीव जागा प्रचंड घटल्या. तिथल्या सरकारी शाळांचा त्याने कायापालट झाला, असं काही दिसलेलं नाही.

हेही खरं की २५ टक्के जागा सर्व गरीब मुलांना पुरणार नाहीत. बहुसंख्य मुलं पालिका शाळेतच शिकणार. म्हणून पालिका शाळा सुधारा, ही मागणी योग्यच आहे. ती २५ टक्क्यांच्या जागी करायची नसते, जोडीला करायची असते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिका काही वर्षं नगरसेवकांविना, शिक्षण समितीविना, प्रशासकाच्या हाती होती. सुमारे साडेतीन-चार हजार कोटींचं शिक्षणाचं अंदाजपत्रक लोकप्रतिनिधींच्या एकाही प्रश्नाशिवाय मंजूर होत गेलं. पालिका शाळांच्या काळजीने आरटीईला विरोध करणाऱ्यांचा आवाज त्या वर्षांत कुठे होता?

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं स्वस्तही आहे. बंदराच्या जमिनीवर आणि फुटपाथवर राहणाऱ्यांना भाडेकराराची अट माफ करून वस्तीतच अर्ज भरून घ्यावेत. शाळांची थकबाकी चुकती करावी. आठवीला संपणारा हक्क बारावीपर्यंत न्यावा, कारण चौदाव्या वर्षी फीचं बिल हातात पडलं की आठ वर्षांची मेहनत वाया जाते. ई वॉर्डाच्या प्रत्येक पालिका शाळेत बालसख्या नेमाव्यात आणि त्यांना जगण्याजोगा पगार द्यावा.

ज्या वाचकांची मुलं खासगी शाळांत आहेत, त्यांनी येत्या पालकसभेत काही प्रश्न विचारावेत. आपल्या शाळेत २५ टक्के जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती? ती मुलं याच वर्गात, याच बाकांवर बसतात ना? सहलीला, स्नेहसंमेलनाला, पुस्तकांच्या पैशांसाठी त्यांना कुणी मागे ठेवत नाही ना? उत्तर लेखी मागावं, आणि मिळालं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. तसं करण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येकाला दिलेला आहे.